पोलीस, कोर्ट, तुरुंग: संगणक जोडले, मग माहिती का जुळत नाही?

जोडणीवाला

माझा व्यवसाय वेगवेगळ्या संस्थांच्या संगणक प्रणाली एकमेकींना जोडून देण्याचा. बहुतेक बँका आणि विमा कंपन्या. सध्या कुतूहल म्हणून आपल्या फौजदारी न्यायव्यवस्थेतल्या जोडणीबद्दल वाचतोय आणि डोकं चक्रावलंय.

पोलिसांकडे गुन्हे आणि गुन्हेगारांच्या नोंदींची सीसीटीएनएस ही प्रणाली आहे, २००९ साली मंजूर झालेली. कोर्टांचा ई-कोर्ट्स प्रकल्प त्याच्याही आधीचा, २००७चा. तुरुंगांना ई-प्रिझन्स, सरकारी वकिलांना ई-प्रॉसिक्युशन, न्यायवैद्यक प्रयोगशाळांना ई-फॉरेन्सिक्स. या पाचांना बांधणारं आयसीजेएस. त्याच्या दुसऱ्या टप्प्याला फेब्रुवारी २०२२मध्ये ३,३७५ कोटी रुपये मंजूर झाले. घोषवाक्य 'एक डेटा, एक एंट्री'.

आणि तरी वकील मित्र सांगतो की जामिनाचा हुकूम तुरुंगात पोचला का, हे बघायला अजून फोनच करावा लागतो. रद्द झालेलं वॉरंट पोलिसांच्या यादीत जिवंत असतं.

माझं मत: पाच वेगळ्या प्रणाली बांधून नंतर त्यांना शिवत बसण्यापेक्षा पहिल्यापासून एकच सामायिक प्रणाली हवी होती. एकेका बँकेने आपल्या सगळ्या शाखांसाठी केलं, यांना का जमू नये? या क्षेत्रात प्रत्यक्ष काम केलेल्यांनी लिहावं.

खट्याळ_बोका

बँकेत पैसे अडकले की लोक बोंब मारतात. तुरुंगात माणूस अडकला तर बोंब बाहेर ऐकू येत नाही. झालं, संपला धागा. कुलूप लावा.

शिरस्तेदार

बोकेराव, थांबा जरा.

कोर्टात नोकरी केली आहे म्हणून लिहितो. 'हुकूम झाला' म्हणजे काय, ते बाहेरच्यांना ठाऊक नसतं. साहेब डायसवर हुकूम सांगतात, स्टेनो घेतो, टाइप होतो, दुरुस्त होतो, सही होते, मग सीआयएसमध्ये अपलोड. (सीआयएस म्हणजे आमचं केसचं सॉफ्टवेअर. एनआयसी या सरकारी संगणक संस्थेच्या पुणे कार्यालयाने बनवलेलं आणि, खरं सांगायचं तर, चांगलं आहे.) बोर्डावर रोजची प्रकरणं इतकी की त्या दिवशीचा रोजनामा त्याच दिवशी भरून होईलच असं नाही. नेटवर 'नेक्स्ट डेट' दिसते ती आधी भरतो, कारण ती भरली नाही तर दुसऱ्या दिवशी वकील मंडळी टेबलाशी उभी. वॉरंट रद्द केल्याची नोंद मात्र कुणी विचारायला येत नाही. ती मागे पडते.

एकच प्रणाली असती तरी ही नोंद मागेच पडली असती.

काळा_कोट

शिरस्तेदारांशी सहमत. आणि धागाकर्त्याच्या मित्राने अर्धीच गोष्ट सांगितली आहे.

जामिनाचा हुकूम आणि सुटकेचा हुकूम या दोन वेगळ्या गोष्टी. जामीन मंजूर झाला की पुढे जामीनदार उभा करायचा, त्याची कागदपत्रं तपासायची, सॉल्व्हन्सी (ऐपतीचा दाखला), बाँड, आणि मग तुरुंगाकडे जायचा तो मुक्ततेचा आदेश. ई-मेल कितीही वेगाने गेला तरी जामीनदार मिळत नसेल तर माणूस आतच.

बाकी पोचवण्याचा प्रश्न खोटा नाही. जुलै २०२१मध्ये आग्र्याच्या मध्यवर्ती तुरुंगातल्या कैद्यांना सर्वोच्च न्यायालयाने जामीन देऊनही ते सुटले नव्हते, कारण अधिकाऱ्यांना प्रमाणित प्रत टपालाने हवी होती. तेव्हाचे सरन्यायाधीश रमणा यांनी स्वतःहून दखल घेतली. हुकूम येण्यासाठी आपण अजून आकाशात कबुतरं शोधतोय, अशा अर्थाचं ते बोलले होते. त्यातून 'फास्टर' ही यंत्रणा आली आणि मार्च २०२२च्या शेवटी सुरू झाली. सर्वोच्च न्यायालयाचे हुकूम सुरक्षित ई-मेलने थेट.

पुढे सर्वोच्च न्यायालयाचेच ३१ जानेवारी २०२३चे निर्देश आहेत, ते सगळ्यांनी वाचावेत. जामीन दिला की कोर्टाने हुकमाची सॉफ्ट कॉपी त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी तुरुंग अधीक्षकामार्फत कैद्याला ई-मेलने पाठवायची. अधीक्षकाने ती तारीख ई-प्रिझन्समध्ये भरायची. सात दिवसांत माणूस सुटला नाही तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवाला कळवायचं. मला यातला तिसरा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

मोगरा_०९

आर्थर रोड तुरुंगाबाहेरची ती जामिनाचे कागद टाकायची पेटी आठवली. २०२१ साली एका गाजलेल्या प्रकरणात संध्याकाळी साडेपाचला पेटी उघडून झाली, कागद त्यानंतर पोचले, सुटका दुसऱ्या दिवशी. सगळ्या वाहिन्या त्या पेटीसमोर कॅमेरा लावून!

खट्याळ_बोका

त्या पेटीचं एक मान्य करा, तिला पासवर्ड लागत नव्हता.

ठाणे_अंमलदार_निवृत्त

आमच्या बाजूचंही कुणीतरी लिहायला हवं.

सीसीटीएनएसमध्ये तपासाचे सात फॉर्म आहेत. एक नंबर एफआयआर. दोन नंबर गुन्ह्याचा तपशील, तीन अटक, चार मालमत्ता जप्ती, पाच अंतिम अहवाल म्हणजे दोषारोपपत्र वगैरे. सहा नंबर कोर्टाचा निकाल. सात अपिलाचा निकाल.

आता एक नंबर भरला नाही तर दुसऱ्या दिवशी वरून फोन. २०१६च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशाप्रमाणे एफआयआर चोवीस तासांत वेबसाइटवर गेला पाहिजे, संवेदनशील गुन्हे सोडून. त्यामुळे तो भरतातच. तीन नंबर, पाच नंबरही भरतात, त्यांच्यावर आढावा बैठकीत प्रश्न येतात. सहा नंबर कधी भरायचा? निकाल लागेल तेव्हा. म्हणजे कित्येक वर्षांनी. तपास अधिकारी बदलून गेलेला, कधी निवृत्त. कोर्ट ड्युटीचा हवालदार निकाल आणतो, वहीत लिहितो. वहीतून संगणकात कोण नेणार? ज्याच्या आयडीवर केस आहे तो आता दुसऱ्या जिल्ह्यात.

हे आळसाने होत नाही. त्या टेबलावर समन्स आहेत, बंदोबस्त आहे, मुद्देमाल आहे. पहिले पाच फॉर्म भरून घ्यायला मागे कुणीतरी लागलेलं असतं, सहाव्याच्या मागे कुणीच नसतं.

जोडणीवाला

अंमलदारसाहेब, या धाग्यात मला हवं होतं ते हेच! पण आयसीजेएस आहे ना? कोर्टाचा निकाल सीआयएसमध्ये आला की सहा नंबर आपोआप का भरला जाऊ नये?

ठाणे_अंमलदार_निवृत्त

जाईल की. पण कुठल्या गुन्ह्याचा निकाल ते यंत्राला कळलं तर.

आमचा गु.र.नं., म्हणजे गुन्हा रजिस्टर नंबर, पोलीस ठाण्याचा आणि सालाचा. दरवर्षी एकपासून सुरू. कोर्टात गेला की आर.सी.सी. (रेग्युलर क्रिमिनल केस) नंबर पडतो. सेशनला, म्हणजे सत्र न्यायालयाकडे, कमिट झाला की सेशन केस नंबर. प्रयोगशाळेत नमुना गेला की त्यांचा नंबर. तुरुंगात माणसाला बंदी क्रमांक, आणि तो गुन्ह्याला नाही, माणसाला. एका माणसावर तीन गुन्हे असले, एका गुन्ह्यात सात आरोपी असले, की मग बघा गंमत. सातांतले पाच हजर, एक फरार, एक मयत. फरार सापडला की त्याची केस वेगळी चालते, तिला पुन्हा नवा नंबर.

शिरस्तेदार

कोर्टाकडे सीएनआर आहे, म्हणजे प्रत्येक केसचा स्वतंत्र क्रमांक. सोळा अक्षरी, राज्य, जिल्हा, न्यायालय, क्रमांक, साल. पण तो केस कोर्टात दाखल झाल्यावरच जन्मतो. दाखल करून घेताना पोलीस ठाणे, गु.र.नं. आणि साल हे तीन रकाने नीट भरले तर दुवा जुळतो. साल चुकलं किंवा ठाणं चुकलं की दुवा तुटला. आयसीजेएसमधून एफआयआरची माहिती थेट ओढता येते, तिथे ही चूक होत नाही. जुन्या प्रकरणांत जे हाताने भरलं गेलंय ते तसंच आहे. जिल्ह्याचं विभाजन झालं, ठाण्याची हद्द बदलली, नवीन ठाणं झालं, ते वेगळंच.

सांख्यिकीताई

आणि नावं! नावांबद्दल कुणीच कसं बोलत नाहीये?

मी माहिती साफ करण्याच्या कामात होते. 'शेख' हे आडनाव रोमन लिपीत चार-पाच प्रकारे लिहिलेलं सापडतं. कुठे वडिलांचं नाव मधल्या रकान्यात, कुठे आडनावाच्या रकान्यात, कुठे 'उर्फ' धरून सगळं एकाच रकान्यात. वय 'अंदाजे ३०', आणि पाच वर्षांनी दुसऱ्या गुन्ह्यात पुन्हा 'अंदाजे ३०'. पत्ता 'रा. पुलाजवळ'.

त्यातून जुने मराठी दस्तऐवज युनिकोडमध्ये नाहीत. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं दोषारोपपत्र दुसऱ्या संगणकावर उघडलं की मराठीच्या जागी कंस, टिंबं आणि इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. म्हणून लोक त्याचं प्रिंट काढतात, स्कॅन करतात आणि ते चित्र अपलोड करतात. झालं डिजिटल! शोध मात्र शून्य.

बोटांच्या ठशांची राष्ट्रीय प्रणाली, नाफिस, २०२२पासून आहे. अटकेतल्या व्यक्तीला दहा अंकी क्रमांक मिळतो. माणूस ओळखण्याचा तो जास्त भरवशाचा रस्ता.

शंकेखोर

सगळे जोडा-जोडा म्हणताय म्हणून विरोधात लिहितो.

मला ही जोडणी जितकी परिपूर्ण होईल तितकी भीती वाटते. अंमलदारसाहेबांनी वर जे लिहिलं त्याचा अर्थ नीट बघा. आरोप आपोआप पुढे जातो, निर्दोष सुटका वहीत राहते. म्हणजे जोडणी जितकी वेगवान, तितका अर्धवट सत्याचा प्रसार वेगवान. पूर्वी एका ठाण्याच्या रजिस्टरात असलेलं नाव त्या ठाण्यापुरतं होतं. आता चारित्र्य पडताळणीच्या वेळी देशातल्या कुठल्याही ठाण्यात पडद्यावर येतं.

आणि सामायिक प्रणालीच्या कल्पनेला माझा ठाम विरोध आहे. ती चालवणार कोण? गृहखातं? मग कोर्टाची नोंद पोलिसांच्याच खात्याच्या सर्व्हरवर. सरकार हे फौजदारी खटल्यात पक्षकार असतं, हे विसरू नका. एका पक्षकाराच्या कपाटात न्यायाधीशाचं दप्तर ठेवायचं?

जोडणीवाला

शंकेखोर, हा मुद्दा माझ्या डोक्यातच नव्हता. बँकांच्या बाबतीत तो येत नाही. सामायिक प्रणालीचा आग्रह सोडतो.

पण जोडणीच नको, हे पटत नाही.

परदेशस्थ_पांडू

शंकेखोर म्हणतात त्याचं शब्दशः उदाहरण अमेरिकेत आहे. अ‍ॅरिझोना वि. इव्हान्स, १९९५.

फिनिक्समध्ये १९९१ साली पोलिसांनी एकाला वाहतुकीच्या कारणावरून थांबवलं. गाडीतल्या संगणकावर नाव टाकलं, वॉरंट दिसलं, अटक केली, झडतीत गांजा सापडला. ते वॉरंट सतरा दिवसांपूर्वीच रद्द झालेलं होतं. पद्धत अशी होती की कोर्टाच्या कारकुनाने शेरीफच्या कार्यालयाला फोन करून 'रद्द झालं' सांगायचं आणि त्यांनी संगणकातून काढायचं. तो फोन झाल्याची नोंदच सापडली नाही. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, चूक कोर्टाच्या कर्मचाऱ्याची आहे, पोलिसांची नाही, त्यामुळे पुरावा बाद होणार नाही.

दुसरं, हेरिंग, २००९. अलाबामातल्या एका काउंटीच्या पोलिसाने शेजारच्या काउंटीत वॉरंट आहे का म्हणून विचारलं. तिथल्या बाईंनी संगणकात बघून 'आहे' सांगितलं. मग त्यांना मूळ कागद फॅक्स करायला सांगितला. त्या कागद शोधायला गेल्या, तर कागदच नाही! वॉरंट पाच महिन्यांपूर्वी परत घेतलेलं. दहा-पंधरा मिनिटांत त्यांनी उलट कळवलं, पण तोवर अटक आणि झडती होऊन गेलेली. तिथेही ५ विरुद्ध ४ मतांनी पुरावा ग्राह्य.

म्हणजे खरी माहिती कागदाच्या फायलीत होती, आणि खोटी संगणकात.

खट्याळ_बोका

तात्पर्य: फॅक्स मशीन भंगारात देऊ नका.

मोगरा_०९

पांडू, मग अमेरिकेने पुढे काय केलं?

परदेशस्थ_पांडू

एकच प्रणाली केली नाही, करूही शकत नाहीत. हजारो पोलीस दलं, प्रत्येक काउंटीचं कोर्ट वेगळं. त्यांनी शब्दसाठा आणि रचना ठरवली. 'अटक' या नोंदीत कोणते रकाने, तारीख कशी लिहायची, व्यक्ती आणि घटना यांचं नातं कसं दाखवायचं. आधी न्यायखात्याच्या पुढाकाराने झालं, मग २००५पासून 'नीम' नावाने इतर खात्यांनाही लागू झालं. ज्याची प्रणाली त्याच्याकडे, बाहेर पाठवताना मात्र ठरलेल्या साच्यात.

उलट इंग्लंडमध्ये फौजदारी न्यायालयांसाठी 'कॉमन प्लॅटफॉर्म' आणला, कोर्ट, सरकारी वकील, बचावाचे वकील सगळे एकाच पडद्यावर. २०२०मध्ये डर्बीपासून सुरुवात. २०२२मध्ये त्यावरून कोर्ट कर्मचारी संपावर गेले होते.

शिरस्तेदार

संपाचं कारण न वाचताही समजलं.

रानवारा

अवांतर: एवढं सगळं वाचून एक विचारावंसं वाटतं, लोड शेडिंगमध्ये हे चालतं कसं? आणि स्टेनोच्या जागा रिकाम्या असताना? तुम्ही रकान्यांवर वाद घालताय, तिथे टाइप करायला माणूस नाही.

शिरस्तेदार

रानवारा, अवांतर अजिबात नाही. यूपीएस आणि सोलर बऱ्याच ठिकाणी आले आहेत. माणूस मात्र सोलरवर चालत नाही.

काळा_कोट

नवीन कायद्यांनी हा सगळा विषय आणखी तातडीचा केलाय. १ जुलै २०२४पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. झडती-जप्तीचं चित्रीकरण बंधनकारक. सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जायचं (याला राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुदत). तपासाची प्रगती नव्वद दिवसांत पीडिताला कळवायची. चित्रीकरणासाठी ई-साक्ष्य अ‍ॅप आहे. साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात हॅश व्हॅल्यूचा (फाइलच्या डिजिटल ठशाचा) रकाना आला. म्हणजे नुसती फाइल पोचून भागत नाही, वाटेत बदलली नाही हेही दाखवायचं.

जोडणीची खरी परीक्षा मला नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९मध्ये दिसते. कच्चा कैदी पहिल्यांदाच गुन्ह्यात आला असेल, तर कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढल्यावर त्याला सोडायचं, इतरांना निम्मा. जन्मठेप-फाशीचे गुन्हे वगळून. आणि अर्ज कुणी करायचा? तुरुंग अधीक्षकाने, स्वतःहून.

आता त्या अधीक्षकाच्या खुर्चीत बसून बघा. आत किती दिवस झाले, हे ई-प्रिझन्स सांगेल. पण त्याला आधी कधी शिक्षा झालीये का? ते कोर्टाकडे. दुसरा गुन्हा प्रलंबित आहे का? एकाहून जास्त प्रकरणं प्रलंबित असतील तर या कलमाचा फायदा नाही. ते पोलिसांकडे आणि कोर्टाकडे, कदाचित दुसऱ्या राज्यात. सहा नंबरचा फॉर्म भरला नसेल तर निर्दोष सुटलेली जुनी केस पडद्यावर 'प्रलंबित' दिसणार, आणि अर्ज जाणारच नाही. शंकेखोर, इथे जोडणी आरोपीच्या बाजूची आहे. तुम्ही विरोध कशाला करताय, तेवढं स्पष्ट करा.

शंकेखोर

कोटसाहेब, चांगला पेच घातलात.

विरोध एकतर्फी जोडणीला आहे. अटक ज्या वेगाने पसरते त्याच वेगाने सुटका पसरली पाहिजे. तुमच्या कलम ४७९च्या उदाहरणात अधीक्षकाला पडद्यावर 'प्रलंबित' दिसलं, तर त्या शब्दाशेजारी 'ही स्थिती शेवटची कधी तपासली' याची तारीख दिसायला हवी. सहा वर्षांपूर्वीची तारीख दिसली की कुठलाही शहाणा अधिकारी कोर्टाला विचारेल. तारीख नसली की पडदा म्हणेल तेच खरं.

आणि कुणी कुणाची नोंद उघडली याचा हिशेब. तो नागरिकाला मागता आला पाहिजे.

सांख्यिकीताई

तारखेच्या मुद्द्याला जोरदार अनुमोदन. खर्च जवळजवळ काहीच नाही.

जोडणीवाला

माझ्या मूळ प्रश्नाकडे येतो. बँकांच्या जोडणीत रोज संध्याकाळी जुळवाजुळव होते. आमच्याकडून गेलेले व्यवहार आणि तुमच्याकडे पोचलेले व्यवहार, फरक असेल तर यादी निघते आणि त्या यादीला नावानिशी मालक असतो. दुसऱ्या दिवशी ती शून्यावर आणायची. इथे अशी यादी कुठेच दिसत नाही. 'पाठवलं' म्हणणारा आणि 'आलं नाही' म्हणणारा, दोघं आपापल्या जागी बरोबर.

म्हणजे जिल्ह्याजिल्ह्यात दर आठवड्याला एकच कागद काढायचा: कोर्टात निकाली, पोलिसांत प्रलंबित. कोर्टात रद्द, पोलिसांत जिवंत वॉरंट. जामीन झालेला, तुरुंगात हजर. तीन याद्या. पडदे, डॅशबोर्ड नंतर.

ठाणे_अंमलदार_निवृत्त

तिसऱ्या यादीचं काम सात दिवसांच्या निर्देशाने थोडंफार होतंच. पहिल्या दोन कुणी काढून दिल्या तर ठाण्यातला माणूस पुसून काढेल. ज्याला काम आहे हेच माहीत नाही तो करणार काय? पण यादीवर सही कुणाची, ते आधी ठरवा. नुसता ई-मेल आला तर तो ठाण्याच्या आयडीवर पडून राहील, ज्याचा पासवर्ड बदली झालेल्या माणसाकडे असतो.

शिरस्तेदार

आमच्याकडून यादी निघू शकते, पण पोलिसांना आदेश देणं हे कारकुनाचं काम नाही. जिल्हा न्यायाधीश, जिल्हाधिकारी, अधीक्षक, तुरुंग, सरकारी वकील यांच्या बैठका होतातच. त्या विषयपत्रिकेत तुमच्या तीन याद्या घातल्या तर नवीन समिती लागणार नाही. नवीन समिती म्हटलं की मला झोप येते.

रानवारा

सगळ्यांना एक प्रत्यक्ष प्रश्न. नात्यातल्या एकाची केस निर्दोष सुटून बराच काळ झाला. पासपोर्टच्या पडताळणीत ती अजून 'प्रलंबित' दिसतेय. याद्या निघतील तेव्हा निघतील, आज काय करायचं?

काळा_कोट

निकालाची प्रमाणित प्रत काढा. ई-कोर्ट्सच्या वेबसाइटवर केस शोधून सीएनआर लिहून घ्या, तिथे 'निकाली' दिसतंय ना ते बघा. दिसत नसेल तर आधी कोर्टात अर्ज, कारण मूळ नोंदच अपुरी आहे. दिसत असेल तर ज्या ठाण्यात गुन्हा दाखल झाला तिथे लेखी अर्ज, सोबत निकालाची प्रत. अर्जात गु.र.नं., साल, कलमं, आर.सी.सी. नंबर आणि सीएनआर एकाखाली एक लिहा. पोच घ्या. प्रत अधीक्षक कार्यालयाला. पासपोर्ट कार्यालयालाही निकालाची प्रत स्वतंत्रपणे द्या, ठाण्याच्या भरवशावर राहू नका.

ठाणे_अंमलदार_निवृत्त

आणि अर्जात स्पष्ट लिहा, 'फॉर्म सहा भरावा'. नुसतं 'नोंद दुरुस्त करा' लिहिलं तर ते कुणाचं काम हे ठरवण्यातच अर्ज फिरत राहतो. सहा म्हटलं की संगणकावर बसणाऱ्याला कळतं.

रानवारा

करतो. सोमवारी प्रतीसाठी अर्ज टाकतो.

खट्याळ_बोका

एक प्रत जास्त काढून ठेवा हो. त्या अलाबामातल्या बाईंना कागद सापडला नाही म्हणूनच खरं बाहेर आलं. तुमचं उलट आहे.